पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉनची न्यूनता : निदान आणि उपचार

प्रस्तावना

वळू आणि बैल यांतील फरक आपल्या शेतकऱ्याला संप्रेरकशास्त्राचा जन्म होण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. वृषण काढले अथवा निकामी केले की जनावराचा आक्रमकपणा, मानेची ठेवण आणि प्रजननक्षमता बदलते, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला. या बदलामागील द्रव्य १९३५ साली हाती लागले. ॲम्स्टरडॅम येथील अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने वळूच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच वर्षी ब्यूटेनांट आणि रुझिका यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत तयार केले.

औषध उपलब्ध झाले, पण ते नेमके कोणाला द्यावे या प्रश्नाचा निकाल तितक्या सहजपणे लागला नाही. आपल्याकडे हा विषय दीर्घकाळ रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरील 'मर्दानी ताकदी'च्या जाहिरातींपुरता राहिला. आता रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉनचा आकडा सहज मिळतो, आणि केवळ त्या आकड्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात हा आकडा कसा वाचावा आणि उपचार सुरू करण्यापूर्वी काय विचारात घ्यावे, याचे विवेचन केले आहे.

निदान : लक्षणे आणि मोजणी

थकवा, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे टेस्टोस्टेरॉनच्या न्यूनतेत आढळतात. परंतु ती अपुरी झोप, नैराश्य, मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि परीक्षेच्या हंगामातील उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांमुळेही उद्भवतात. कामेच्छा मंदावणे, पहाटेचे ताठरपण कमी होणे, दाढी विरळ होणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तक्षय या लक्षणांना निदानात अधिक वजन आहे. आठ युरोपीय केंद्रांतील ४० ते ७९ वयोगटातील ३,३६९ पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तीन लैंगिक लक्षणे आणि रक्तातील कमी प्रमाण या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या असता वयोपरत्वे उद्भवणारी खरी न्यूनता केवळ २.१ टक्के पुरुषांत आढळली. चाळिशीनंतरचा प्रत्येक थकवा या खात्यावर टाकता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मोजणीचेही नियम आहेत. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी उच्चतम असते व दिवसभरात उतरते. अन्नसेवनानेही ती घटते. म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी घ्यावे आणि पातळी कमी आढळल्यास वेगळ्या दिवशी पुन्हा तपासावे. तापासारख्या तीव्र आजारात ही तपासणी करू नये. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रति डेसिलिटर ३०० नॅनोग्रॅम ही सीमा सुचविली, तर त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने निरोगी, सडपातळ तरुणांच्या आधारे २६४ ही नीचतम मर्यादा दिली. दोन मान्यवर संस्थांत एवढे अंतर असेल, तर २८० या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. शिवाय रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते. मुक्त अंश सुमारे दोन टक्केच असतो. स्थूल व्यक्तीत ते घट्ट बांधून ठेवणारे प्रथिन कमी असल्याने एकूण आकडा कमी दिसतो, मुक्त अंश मात्र पुरेसा असू शकतो.

न्यूनता निश्चित झाल्यावर दोष कोठे आहे हे पाहावे लागते. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीमधून स्रवणारे एल. एच. हे संप्रेरक वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा आदेश देते. एल. एच. वाढलेले असेल तर दोष वृषणांत असतो. उदाहरणार्थ, एक अधिक एक्स गुणसूत्र असणारा क्लाइनफेल्टर सिंड्रोम. ते कमी किंवा न वाढलेले असेल तर दोष वरच्या पातळीवर असतो : पीयूषिकेची गाठ, अफूजन्य वेदनाशामके, स्थूलता वगैरे. अशा वेळी प्रोलॅक्टिनही तपासतात.

उपचार आणि अपत्यप्राप्ती

येथे एका विरोधाभासाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदूला पुरवठा पुरेसा असल्याचा संदेश जातो, एल. एच. आणि एफ. एस. एच. यांचे स्रवण थांबते. शुक्राणूनिर्मितीसाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा अनेक पटींनी अधिक टेस्टोस्टेरॉन लागते. तेच नाहीसे होते. रक्तातील आकडा सुधारतो, वृषण आकसतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साप्ताहिक टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासले होते. अपत्यासाठी प्रयत्नशील तरुण 'ताकदीसाठी' हेच इंजेक्शन घेत असेल, तर त्याच्या पत्नीच्या तपासण्या निष्कारण वाढत जातात आणि कुटुंबातील दोष तिच्या माथी येतो. औषध बंद केल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण त्यास अनेक महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून अपत्याची इच्छा असणाऱ्यास टेस्टोस्टेरॉन देत नाहीत. दोष मेंदूच्या पातळीवर असल्यास एच. सी. जी. अथवा क्लोमिफीन यांचा विचार होतो. स्थूल व्यक्तीत वजन घटवल्यानेही पातळी वाढते.

इतरांसाठी जेल, दर एक-दोन आठवड्यांचे इंजेक्शन किंवा सुमारे तीन महिन्यांनी द्यावयाचे अनडेकॅनोएट उपलब्ध आहे. लाभाची अपेक्षा मात्र मर्यादित असावी. ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांवरील २०१६ च्या चाचण्यांत लैंगिक कार्य मध्यम प्रमाणात सुधारले, उत्साहात उल्लेखनीय फरक पडला नाही. हृदयाला धोका वाढतो काय, हा वाद २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीने बराचसा शमविला. पाच हजारांहून अधिक पुरुषांत हृदयविकाराच्या गंभीर घटना औषधगटात ७.० टक्के व तुलनागटात ७.३ टक्के होत्या. तथापि हृदयाची अनियमित लय व फुप्फुसातील रक्तगुठळी यांचे प्रमाण औषधगटात अधिक होते. प्रोस्टेट अथवा स्तनाचा कर्करोग असल्यास हा उपचार सामान्यतः टाळतात.

उपचारापूर्वी व नंतर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा हिमॅटोक्रिट तपासावे लागते. वयानुसार पीएसएही पाहतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांपलीकडे गेल्यास रक्त दाट झालेले असते, म्हणून औषध थांबवून कारण शोधतात व नंतरच कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात. जेल लावलेली जागा कपड्याने झाकावी व हात साबणाने धुवावेत, कारण कडेवर घेतलेल्या बालकाच्या त्वचेतूनही ते शोषले जाते.