पॉवर बँक : खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारी वीज

दौंड जंक्शनला गाडीची वाट पाहणारा प्रवासी असो की शिरूरच्या बाजारात आलेला शेतकरी, पॉवर बँक घेताना नजर जाते ती ‘१०,००० एमएएच’वर. हा आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टला मोजलेला. यूएसबीतून वीज निघते ती एरवी ५ व्होल्टने. म्हणजे हिशेबानेच उरतात ७,४०० एमएएच, शिवाय काही वीज उष्णतेत जाते. सेलची क्षमता अशीच मोजतात, यात फसवणूक कसली, असं कुणी म्हणेल. मोजण्याची रीत बरोबरच आहे. पण गिऱ्हाईक सेल नव्हे, फोनचं चार्जिंग विकत घेतं. म्हणून खोक्यामागची बारीक अक्षरांतली ‘रेटेड कपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, वाचा आणि सुरक्षिततेसाठी ‘आर’ने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासा. क्रमांकच नसेल, तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.