जुना लेथ: रंगाच्या आधी स्पिंडल

लाकूड कातायचा जुना लेथ भंगाराच्या भावात मिळाला की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. लेथची किंमत बिडाच्या जड बेडमध्ये आणि खेळ नसलेल्या स्पिंडलमध्ये असते. बीड कंपनं जिरवतं आणि लाकूडकामात फारसं झिजत नाही. त्यामुळे बेडवरचा गंज बहुधा वरवरचाच असतो, रॉकेल आणि स्टील वूलने निघतो. खरं दुखणं हेडस्टॉकमध्ये. पट्टा उतरवून स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. बोटांना खरखर लागली, की बेअरिंग गेलं समजा. मग दोन्हीकडची सेंटरं जवळ आणून टोकाला टोक भिडतंय का ते पाहा.

‘सुटे भाग कुठून आणणार?’ हा आक्षेप अर्धाच खरा. बेअरिंगं प्रमाणित मापांची असतात: 6205 कुठल्याही कंपनीचं घ्या, आतून 25 मिमी, बाहेरून 52. कांस्याचे बुश असतील तर मात्र टर्नरकडूनच बनवून घ्यावे लागतात. जुनं यंत्र धोक्याचं, हा आक्षेप जास्त वजनदार. मिनिटाला 1000 फेऱ्यांवर 300 मिमीच्या वाडग्याची कड ताशी सुमारे 56 किमीने धावते! म्हणून पैसे आधी पट्ट्याच्या कव्हरवर, अर्थिंगवर आणि हाताशी येणाऱ्या स्विचवर घाला. रंग थांबू शकतो. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.