गार्दोनेचे कोल्ट : जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नव्या प्रतिकृती आणि त्यांची निगा

उत्तर इटलीत ब्रेशा शहराच्या वरच्या अंगाला मेल्ला नदीच्या काठाने व्हाल त्रोम्पिया ही चिंचोळी दरी पसरलेली आहे, आणि लोखंडाच्या खाणी, भट्ट्यांना पुरेल इतके लाकूड व घण चालवणारे पाणी ही तिन्ही साधने तेथे एकत्र मिळत असल्याने बंदुकीच्या नळ्या घडवण्याचा धंदा त्या दरीत शतकानुशतके टिकून राहिला. व्हेनिसच्या शस्त्रागाराने 1526 साली 185 नळ्यांचे पैसे बेरेत्ता घराण्याला चुकते केल्याची नोंद उपलब्ध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र या दरीतील कारागिरांना एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी. 1961 पासून अमेरिकेत त्या युद्धाच्या लढाया मैदानात पुन्हा उभ्या करण्याची हौस फोफावली, पण जुनी अस्सल रिव्हॉल्व्हरे दुर्मिळ आणि महाग झाली होती. ही गरज आधीच ओळखून नेव्ही आर्म्स या अमेरिकन कंपनीचे व्हॅल फॉर्गेट यांनी या दरीतील गार्दोने परिसरातील कारागिरांकडे सॅम्युएल कोल्टच्या 1851 च्या ‘नेव्ही’ नमुन्याची प्रतिकृती मागितली. 1959 मध्ये स्वतंत्र कारखाना काढणाऱ्या आल्दो उबेर्तीचे नाव त्या कामातूनच पुढे आले, आणि नंतर जवळच्या गुस्सागो गावातील पिएत्ता हा त्याचा मोठा स्पर्धक ठरला. पुढे 1971 पासून खुद्द कोल्ट कंपनीनेच इटलीहून आणलेल्या सुट्या भागांवर आपल्या जुन्या ‘नेव्ही’चे उत्पादन पुन्हा सुरू केले, तेव्हा अस्सल आणि नक्कल यांच्यातील भेद निदान कागदोपत्री तरी बराच पुसट झाला.

ही हत्यारे चालतात कशी, हे समजल्याशिवाय त्यांच्या विश्वासार्हतेविषयी काही बोलणे व्यर्थ आहे. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत जे काम नळीच्या तोंडातून होते, तेच येथे सिलिंडरच्या सहा घरांत होते : प्रत्येक घरात पुढच्या बाजूने काळी दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी नळीखालच्या दांड्याने दाबायची, आणि मागच्या बाजूच्या पोकळ बोंडीवर, म्हणजे निपलवर, तांब्याची टोपी बसवायची. घोडा मागे ओढला की ‘हात’ नावाची पट्टी सिलिंडरला एक घर पुढे ढकलते आणि खालून वर येणारा अडसर त्याच्या खाचेत शिरून घर नळीच्या नेमके समोर धरून ठेवतो; चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि तिच्यातली ठिणगी निपलच्या छिद्रातून दारूपर्यंत पोचते.

धातूच्या बाबतीत आजची प्रतिकृती मूळ हत्यारापेक्षा सरस आहे. एकोणिसाव्या शतकातील लोखंडापेक्षा आधुनिक पोलाद अधिक एकजिनसी आणि ताण सोसणारे असते. शिवाय इटलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हत्याराची गार्दोनेच्या राष्ट्रीय चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या दारूने परीक्षा होते आणि त्याची मोहोर व वर्षाचा सांकेतिक शिक्का धातूवर उमटवला जातो. उणीव आहे ती जुळवणीत. कोल्टच्या हार्टफर्डमधील कारखान्यात यंत्रांनी कापलेले भाग अखेरीस कुशल माणसाच्या कानशीखालून जात आणि एकेका हत्याराचा अडसर, हात व चाप परस्परांना बेताने बसवले जात. प्रतिकृतीच्या किमतीत एवढ्या तासांची मजुरी बसत नाही. म्हणून प्रतिकृती विकत घेतली जाते तेव्हा ती पुरी झालेली असतेच असे नाही. पुष्कळदा तिचे उरलेले काम विकत घेणाऱ्याला किंवा त्याच्या कारागिराला करावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पाचरीचे आहे. कोल्टच्या या रचनेत सिलिंडरच्या वरून नळीला चौकटीशी जोडणारी पट्टी नसते. चौकटीतून निघालेला जाड खुंट सिलिंडरच्या मध्यातून जाऊन नळीखालच्या ठोकळ्यातील भोकात शिरतो आणि दोहोंना आडवी पाचर बांधून ठेवते. मूळ हत्यारात खुंटाचे टोक त्या भोकाच्या तळाला टेकलेले असे, त्यामुळे पाचर कितीही घट्ट ठोकली तरी नळी आणि सिलिंडर यांच्यामधली बारीक फट तेवढीच राही. उबेर्तीच्या अनेक प्रतिकृतींत हा खुंट किंचित आखूड राहतो. मग पाचर आत जाईल तशी नळी सिलिंडरवर दाबली जाऊन तो फिरेनासा होतो, आणि पाचर सैल ठेवली तर दर बाराला नळी हलत राहून भोकांच्या कडा झिजतात. भोकाच्या तळाशी योग्य जाडीची चकती बसवली की हा दोष कायमचा जातो, आणि इतके साधे काम कारखान्यातच का होत नाही हा प्रश्न अनुभवी नेमबाज अनेक वर्षे विचारत आले आहेत. पिएत्ताच्या अलीकडच्या, संगणकनियंत्रित यंत्रांवर कापलेल्या नमुन्यांत हा दोष सहसा आढळत नाही.

चालण्यातील इतर तक्रारींचा उगम बहुधा टोपीत असतो. निपल जाड असेल तर टोपी पुरती बसत नाही, घोड्याचा पहिला आघात तिला खाली सरकवण्यातच खर्ची पडतो आणि बार दुसऱ्या आघाताला होतो, ज्याचा ठपका विनाकारण दारूवर ठेवला जातो. उलट बार झाल्यावर फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडला तर यंत्रणाच अडते. घोडा ओढताना नळी आकाशाकडे करून तुकडा बाहेर पडू देण्याची जुनी रीत त्यासाठीच होती. चांगल्या धातूचे व नेमक्या मापाचे निपल बदलून घेतले की या दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. अडसराची दुपाखी सपाट स्प्रिंग आणि हाताला जोडलेली बारीक स्प्रिंग या दोन्ही मोडण्यासाठी प्रसिद्ध आहेत, म्हणून त्यांचा जादा संच जवळ असावा.

आता निगेचा मुख्य शत्रू : काळ्या दारूचा मळ. सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असलेली ही दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन स्वरूपात मागे राहते, आणि त्यातील पोटॅशियमचे क्षार हवेतील ओलावा शोषून पोलादाला गंज चढवतात. ते पाण्यात विरघळत असल्याने सफाईचे खरे साधन पाणी आणि थोडा साबण हेच आहे, महागडी रसायने नव्हेत. उकळते पाणी ओतण्याची सवय मात्र सोडावी, कारण अति तापलेल्या पोलादावर काही क्षणांत तांबूस गंजाची पातळ साय धरते. कोमट पाण्याने धुऊन, नीट वाळवून लगेच तेल लावणे अधिक शहाणपणाचे. पर्यायी दारूंपैकी ज्यांत परक्लोरेट असते त्यांचा मळही गंज आणतो, तेव्हा त्यांच्या भरवशावर सफाई दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. धूररहित आधुनिक दारू तर या हत्यारांत कधीही भरता कामा नये. तिचा दाब सोसण्यासाठी ती बनवलेलीच नाहीत.

मळाच्या बाबतीत कोल्टची उघडी रचना, जी चौकटीच्या मजबुतीत रेमिंग्टनच्या रिव्हॉल्व्हरपुढे उणी दिसते, ती वापरात वरचढ ठरते. रेमिंग्टनच्या सिलिंडरवरून पट्टी जाते आणि नळी चौकटीत पक्की आट्यांनी बसते, पण सिलिंडरचा आस बारीक असल्याने थोड्याच बारांनंतर मळ साचून सिलिंडर जड फिरू लागतो. कोल्टच्या जाड खुंटावर ग्रीस धरून ठेवणाऱ्या खाचा आहेत. त्या खाचांत खनिज तेलापेक्षा प्राणिज किंवा वनस्पतिज चरबी भरावी, कारण खनिज तेल या मळात मिसळून डांबरासारखा चिकटा तयार करते.

पितळी चौकटीच्या स्वस्त प्रतिकृतींविषयी वेगळे सांगितले पाहिजे. कोल्टने ‘नेव्ही’ची चौकट पितळेची केलेली नव्हती; यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः जॉर्जियातील ग्रिसवोल्ड अँड गनिसन यांनी, पोलाद दुर्मिळ असल्याने तांब्याच्या मिश्रधातूची चौकट वापरली. आजच्या बाजारात मात्र ती पिवळी चमक गिऱ्हाइकाला भुलवते. भरगच्च दारूचे बार होत राहिले की सिलिंडरचा मागचा काठ मऊ पितळेत वर्तुळ उमटवतो, खुंट सैल पडतो आणि पाचरीने काही साधत नाही. हलक्या भरण्यावर ती पुष्कळ वर्षे टिकते, पण पोलादी चौकटीशी तिची बरोबरी नाही.

जुने प्रतिकृती-हत्यार विकत घेताना म्हणूनच वर्षाचा शिक्का, सिलिंडरच्या खाचांच्या कडा, सिलिंडरमागच्या चौकटीवरचे वर्तुळ आणि पाचर काढल्यावर खुंटाची ढिलाई या चार गोष्टी आधी पाहाव्यात. सुटे भाग मागवताना हत्याराचा निर्माताही नेमका सांगावा लागतो, कारण उबेर्तीचा अडसर पिएत्ताच्या चौकटीत सरळ बसेलच असे नाही, आणि कोल्टच्या मूळ भागांचे आटे या दोहोंशीही जुळतील याची खात्री नसते.