सृष्टीचा कारभार आणि त्रैक्य

शहागडच्या पुलावर धुळे-सोलापूर मार्गाची एस.टी. आली की एखादी म्हातारी अजूनही खिडकीतून पात्रात नाणे टाकते आणि ‘गंगामाय’ म्हणून हात जोडते. गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या आमच्या गंगथडीत पाण्यापाशी देव आठवणे इतके अंगवळणी पडलेले आहे, की ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या प्रारंभीच काळोखातील अथांग जलराशी आणि तिच्यावर वावरणारा ईश्वराचा आत्मा येतो, हे वाचून येथल्या माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. पहाटे या काठावर उभे राहावे. वारा दिसत नाही, पण पाण्यावर उठलेली शिरशिरी दिसते. मूळ हिब्रू ग्रंथातील ‘रूआह’ या शब्दाचे अर्थही वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही आहेत, आणि त्याच्या वावरण्यासाठी जे क्रियापद योजले आहे तेच अन्यत्र पिलांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडासाठी आले आहे.

परके वाटते ते पुढचे. ईश्वर एक, तथापि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघेही ईश्वर, आणि सृष्टी तिघांची, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. यालाच त्रैक्य म्हणतात. हे ऐकताच आपल्यापुढे ब्रह्मा, विष्णू, महेश उभे राहतात. एकाने निर्मावे, दुसऱ्याने पाळावे, तिसऱ्याने संहार करावा, अशी तीन खाती, तीन दप्तरे! ही तुलना सहज सुचणारी खरी, परंतु फसवी आहे. कारण त्रैक्याच्या सिद्धान्तात कामाची अशी वाटणीच नाही. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हयात असलेल्या ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने बजावून ठेवले आहे की, सृष्टीच्या बाबतीत तिघांचे कर्तृत्व अविभाज्य आहे. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, कैसरियाच्या बासिलने पिता हे मूळ कारण, पुत्र हे घडविणारे कारण आणि आत्मा हे पूर्णत्वास नेणारे कारण असा भेद केला; पण तो एकाच कृतीच्या अंतर्गत क्रमाचा भेद होय, तीन कामगारांच्या पाळ्यांचा नव्हे. दुसऱ्या शतकातील इरेनियसने तर पुत्र आणि आत्मा यांना ईश्वराचे दोन हातच म्हटले. मडके घडविताना कुंभाराचा एक हात आतून आधार देतो आणि दुसरा बाहेरून आकार देतो, पण मडके कोणत्या हाताचे, असा दावा कोणी दरबारात नेत नाही.

आणखी एक दृष्टान्त घेऊ. मनुष्य बोलतो तेव्हा बोलणारा, त्याचा शब्द आणि शब्दाला वाहून नेणारा श्वास ही तीन असतात, उच्चार मात्र एकच. ‘उत्पत्ती’त ईश्वर बोलतो आणि प्रकाश होतो, योहानाच्या शुभवर्तमानात हा शब्दच आरंभी ईश्वराजवळ होता, स्वतः ईश्वर होता आणि सर्व काही त्याच्याद्वारे झाले असे येते, आणि तोच येशूच्या रूपाने देहधारी झाला अशी श्रद्धा आहे. दृष्टान्त फार ताणू नये. श्वास विरतो, आत्मा विरत नाही. सृष्टीसाठी उपनिषदाने दिलेला कोळ्याचा दृष्टान्तही येथे लागत नाही; तो कोळी आपल्यातूनच तंतू काढतो. ख्रिस्ती मताने मात्र जग ईश्वराच्या द्रव्यातून निघालेले नाही, ते शून्यातून, केवळ त्याच्या इच्छेने झाले.

मराठीला हा विषय नवा नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त या त्रिविध एकेश्वराला वंदन करून सृष्टीची कथा ओवीत लावली, स्वर्गाला तो बेधडक वैकुंठ म्हणतो, पवित्र आत्म्याचे नाव मात्र परदेशी ठेवतो. शब्द अडला की सिद्धान्त कोठे अडतो ते कळते. आमच्याच जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात ख्रिस्ती वसाहत उभारली आणि तिला ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, हे ‘उत्पत्ती’तीलच नाव दिले.

सर्वांत प्रामाणिक अडखळणे मला पंडिता रमाबाईंचे वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य त्यांच्या बुद्धीला पटेना. तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून वाद घातला, आणि केवळ कोणी सांगितले म्हणून मान तुकविली नाही. त्याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्तिसदनात वर्षानुवर्षे बायबलचे मराठी भाषांतर करीत बसल्या, आणि ते काम हातावेगळे करून एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. त्या भाषांतराचे पहिले पान जलराशीवरील त्या आत्म्याचेच आहे.