वाकलेला कणा आणि चिठ्ठीचा कौल
पाठीचा कणा एका बाजूस 10 अंशांहून अधिक वळला, की त्यास स्कोलिओसिस म्हणतात. प्रौढपणी कमरेतील अशा वक्रतेवर शस्त्रक्रिया करावी काय? या प्रश्नावरील उत्तर अमेरिकेतील अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. 286 रुग्णांपैकी केवळ 63 जणांनी उपचार चिठ्ठीने ठरू दिला. त्यांपैकी शस्त्रक्रियेविना राहण्याचा कौल मिळालेल्या 64 टक्के रुग्णांनी दोन वर्षांतच शस्त्रक्रिया करून घेतली. साहजिकच चिठ्ठीने पाडलेल्या गटांत फरक दिसेना. प्रत्यक्ष घेतलेले उपचार ताडून पाहता मात्र शस्त्रक्रियेने वेदना अधिक घटल्याचे आढळले. काहींना ती पुन्हाही करावी लागली. म्हणून दुखणे सोसवते त्याने थांबावे. सोसवत नाही त्याने जोखीम जाणून निर्णय घ्यावा. हा कौल चिठ्ठीचा नव्हे, रुग्णाचा आहे.