झेवियर्सच्या चौकातला ऑर्केस्ट्रा

माळव्यातल्या मराठी वस्तीत गणपतीपासून दिवाळीपर्यंत ऑर्केस्ट्र्याचा मोसम असतो. इंदूर घ्या, देवास घ्या, आमचं उज्जैन घ्या. फ्लेक्सवर लता, रफी, मुकेश, किशोर यांचे फोटो, त्यांच्याखाली आजच्या गायक-गायिकांची नावं, मग निवेदक, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत प्रायोजक नगरसेवक. वादकांची नावं शोधावी लागतात आणि बहुधा सापडत नाहीत. मला मात्र शाळेच्या वयापासून वेड आहे ते गाण्यातल्या मधल्या जागांचं. मुखडा संपतो, गायक श्वास घेतो, आणि अंतऱ्याआधी व्हायोलिनांचा एक लोंढा अंगावर येतो. हा लोंढा लिहिला कुणी? संगीतकाराने, असं घरचे सांगायचे. ते उत्तर मला कधी पटलं नाही.

मी राहतो उज्जैनच्या भैरवगढात. काळभैरवाचं देऊळ आणि मध्यवर्ती तुरुंग यांमुळे गाव लोकांना ठाऊक असतं, पण इथली खरी ओळख छिप्यांची, त्यांच्या ठप्प्यांची आणि बाटिकची. कापड छापणारा एक, ठप्पा कोरणारा दुसरा, आणि दुकानावर पाटी तिसऱ्याची. चित्रपटसंगीतात ठप्पा कोण कोरत होतं, ते शोधायला निघालो आणि येऊन पोचलो गोव्यात.

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास इथे नव्याने सांगत नाही, वाचकांना तो पाठ आहे. आपल्याला लागतो आहे तो त्यातला एकच धागा. 1931मध्ये बोलपट आला आणि मूकपटांना साथ करणाऱ्या वादकांचं काम गेलं; त्यांतले बरेच स्टुडिओकडे वळले. 1947मध्ये लाहोर तुटलं, तिथले वादक मुंबईत आले. 1949मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतल्या जाझ बँडांचा धंदा बसू लागला. तीन वेगवेगळ्या आपत्तींनी एकाच शहरात असे शेकडो लोक गोळा केले, ज्यांना समोर ठेवलेला कागद पाहून वाजवता येत होतं. त्यांत गोवेकर ख्रिश्चन मोठ्या संख्येने होते, कारण पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत पोराला प्रार्थनेबरोबर सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिनही शिकवलं जाई. गावात नोकरी नव्हती. हाती व्हायोलिन होतं, ते घेऊन पोरं मुंबईला, कलकत्त्याला, संस्थानिकांच्या बँडमध्ये गेली.

गाणं तयार व्हायचं ते असं. सिटिंगला संगीतकार पेटीवर चाल सांगे. सहायक ती सरगममध्ये उतरवून घेई. मग अरेंजर बसे. व्हायोलिनांना काय, चेलोला काय, ट्रंपेट कुठे शिरणार, गायकाच्या ओळीखाली कोणती दुसरी ओळ चालणार, हे सगळं तो पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये लिही. नकलनवीस प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा काढी. वादकांना बोलावणं धाडणाऱ्याला ‘मेसेंजर’ म्हणत. रेकॉर्डिंगच्या दिवशी कागद स्टँडवर लागत, टेक ओके होई आणि कागदांचं काम संपे. ते जपावेत असं कुणाला वाटलं नाही. रद्दीत गेले, भिजले, हरवले. भारतातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या संगीताची लिखित प्रत जवळजवळ शिल्लक नाही, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ही मंडळी ‘असिस्टंट’ या एका शब्दात मावत. शंकर-जयकिशनच्या चित्रपटांत त्या शब्दापुढे दोन नावं वारंवार दिसतात: दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दोघेही गोव्याचे. दत्ताराम वाडकर सावंतवाडीत वाढले, मुंबईत पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकले आणि व्यायामशाळेत शंकरच्या नजरेत भरले. ढोलकीवरचा ‘दत्तू ठेका’ आजही ऑर्केस्ट्र्यातला प्रत्येक रिदमवाला त्याच नावाने ओळखतो. ‘परवरिश’ला (1958) त्यांनी स्वतंत्र संगीत दिलं, तरी त्यांची कारकीर्द मुख्यतः दुसऱ्यांच्या नावाखालीच गेली. सेबॅस्टियन डिसूझा रेईश मागूशचे. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते. पुढे दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशनच्या व्हायोलिनांचे भव्य पडदे त्यांनीच विणले. तालाचा एक, सुरांचा एक. हिंदू आणि ख्रिश्चन, दोन्ही गोवे एकाच ओळीत. सी. रामचंद्रांकडे हळदोण्याचे चिक चॉकलेट होते, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ‘अलबेला’त (1951) ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रंपेटवादक आणि अरेंजर. त्यांनी तर ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे कोंकणी चित्रपट काढले. ‘निर्मोण’वरून पुढच्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ आला.

या सगळ्यांत माझा पाय अडला तो अँथनी गोन्साल्विस या माणसापाशी.

जन्म 1927, सासष्टीतलं माजोर्डा हे समुद्रकाठचं गाव. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. 1943मध्ये अँथनी मुंबईत नौशादांकडे व्हायोलिन वाजवू लागले तेव्हा मिसरूड फुटायचं वय होतं. पुढे ते अरेंजर झाले; ‘महल’पासून ‘नया दौर’पर्यंतच्या कामांशी त्यांचं नाव जोडलं जातं. इतर गोवेकर वादकांहून त्यांचं वेगळेपण असं की समोर येणारं हिंदुस्थानी संगीत त्यांनी नुसतं वाजवून सोडून दिलं नाही. स्टुडिओत भेटणाऱ्या सारंगीवाल्या रामनारायणांसारख्यांना गाठून ते रागांविषयी विचारत बसत. वांद्र्याच्या घरी रविवारी शिकवणी चाले. तिथे येणाऱ्या पोरांत ट्रंपेटवादक पंडित रामप्रसाद शर्मांचा मुलगा प्यारेलाल होता. राहुल देव बर्मनही त्यांच्याकडे शिकल्याचं सांगितलं जातं.

1958मध्ये अँथनींनी स्वतःच्या हिमतीवर इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी चौकात त्याचा जलसा मांडला. शंभराहून अधिक वादक. सोलो गायक म्हणून लता मंगेशकर आणि मन्ना डे. कार्यक्रमात अँथनींच्या स्वतःच्या रचना: ‘सोनातिना इंडियाना’, सारंग रागातला कंचेर्तो. चित्रपटांची लोकप्रिय गाणी ओळीने वाजवली असती तर तिकिटं हमखास खपली असती. अँथनींनी ते केलं नाही. स्टुडिओतलेच वादक आणि स्टुडिओतलेच आवाज घेऊन त्यांनी राग सिंफनीच्या साच्यात घालून पाहिला. रेकॉर्डिंगला हीच मंडळी बंद खोलीत तीन मिनिटांच्या हिशेबाने वाजवत. इथे त्यांच्यासमोर श्रोते होते आणि त्यांचे चेहरे श्रोत्यांना दिसत होते. माझ्या मते हिंदी चित्रपटसंगीताच्या वादकांनी मांडलेला हा पहिला मोठा दावा: आम्ही साथीदार नाही, आम्ही वाद्यवृंद आहोत.

त्या रचना किती जमल्या असतील, याबद्दल मला शंका आहेत. रागाचा जीव मींडेत आणि आसेत, आणि शंभर जणांना एकच मींड एकाच वेळी घ्यायला लावणं हे भलतं कठीण काम. हार्मनी घातली की राग हलतो, हा जुना आक्षेप खोटा नाही. पण चित्रपटवाले हेच रोज करत होते. अरेंजर भैरवीखाली कॉर्ड घाली, शिवरंजनीला चेलोचा तळ देई, आणि कोट्यवधी लोकांना त्यात काही खटकत नव्हतं. जे तीन मिनिटांत चाललं ते अर्ध्या तासात चालेल का, एवढाच अँथनींचा प्रश्न होता. तो तडीस जायला सात-आठ जलसे तरी लागले असते. पैसा बराचसा स्वतःचा, वादक रोज दोन-दोन शिफ्टांत अडकलेले; असा वृंद फार दिवस टिकणं अवघडच.

1965मध्ये अँथनी प्रवास अनुदानावर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटांच्या धंद्यात पुन्हा उतरले नाहीत. माजोर्ड्यात राहिले. मुंबईत त्यांच्या हाताखाली वाजवलेली माणसं म्हातारी झाली, नव्यांना ते नावही माहीत नव्हतं.

नाव मात्र देशभर झालं, आणि तेही अगदी भलत्या वाटेने. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ ईस्टरच्या पार्टीत एका प्रचंड अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगतो. पात्राचं आडनाव आधी फर्नांडिस होतं. चाल बांधताना, तोवर संगीतकार झालेल्या प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव सुचवलं, असं सांगतात. या गुरुदक्षिणेचं कौतुक सगळीकडे होतं. मला त्यात थोडी गंमत आणि थोडी खंत दिसते. ज्याच्या कागदांवर नाव राहिलं नाही, त्याचं नाव गाण्यात गेलं आणि गाण्याने ते खाऊन टाकलं. अँथनी गोन्साल्विस म्हटलं की आजही लोकांना टोपी, एकडोळी चष्मा आणि छत्री आठवते. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी माजोर्ड्याला जाऊन त्यांच्यावर लिहिलं, मराठीतले चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी माहितीपट केला, तेव्हा कुठे या नावाचा हाडामांसाचा माणूस आहे हे काही जणांना कळलं. 18 जानेवारी 2012 रोजी ते गेले.

गाणं संगीतकाराचं की अरेंजरचं, यावर एक भांडण कायम चालतं, विशेषतः जुनी गाणी ऐकणाऱ्यांच्या बैठकींत. एक पक्ष म्हणतो, खरे संगीतकार हे अरेंजरच, बाकीचे पेटी बडवणारे. दुसरा म्हणतो, हे कारकून, सांगितलं ते लिहिणारे. ऑकलंडच्या ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008मध्ये एक मोठं पुस्तक लिहिलं. ते वाचल्यावर दोन्ही पक्ष उताणे पडतात. काही संगीतकार प्रत्येक पीस स्वतः गाऊन सांगत, काही नुसतं ‘इथे काहीतरी भरा’ म्हणत, आणि एकाच संगीतकाराचं दोन गाण्यांतलं वागणं वेगळं असे. चाल ही चालच, ती कुणा अरेंजरला देऊन टाकता येत नाही. पण सेबॅस्टियनच्या ओळी काढून शंकर-जयकिशनचं एखादं गाणं नुसत्या पेटी-तबल्यावर म्हणून पाहा. चाल उभी राहते. गाणं मात्र राहत नाही.

ऑर्केस्ट्रा नावाचा धंदा याच वादकांच्या सावलीत वाढला. संगीतकार होण्याआधी कल्याणजींची ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ जलसे करत हिंडायची. पुण्याच्या सुहासचंद्र कुलकर्णींच्या ‘मेलडी मेकर्स’मधून सुदेश भोसले पुढे आले. ऐंशीच्या दशकात ऑक्टोपॅड आला, एक माणूस सहा जणांचा ताल वाजवू लागला. कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्स’चं बटण आलं आणि चाळीस व्हायोलिनांचा पगार वाचला. मंडळांचं बजेट मला कळतं, तरी ते बटण मला आवडत नाही. नव्वदीच्या अखेरीस मुंबईच्या स्टुडिओंतही तेच झालं आणि रोजंदारीवर कागद वाचून वाजवणाऱ्यांची ती पिढी घरी बसली.

त्याचा हिशेब 2006मध्ये दिसला. मुंबईत एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. संगीत-दिग्दर्शक मरात बिसेनगालियेव कझाकस्तानचे, आणि बऱ्याच खुर्च्यांवर वादकही तिकडचे. हा वृंद उत्तम वाजवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण 1958मध्ये याच शहरात एका गोवेकराला शंभर वाचते वादक आसपासच मिळाले होते, कारण चित्रपटांनी त्यांना रोजचं काम आणि रोजचा सराव दिला होता. अभिजात संगीताच्या संस्थांना जे पुढे परदेशातून आणावं लागलं, ते बाजारू म्हणून हिणवल्या गेलेल्या धंद्याने फुकट पोसलं होतं.

आता जुन्या गाण्यांचे मोठ्या वृंदाचे जलसे पुन्हा होऊ लागले आहेत, खऱ्या व्हायोलिनांसह. कागद नाहीत म्हणून कुणीतरी रेकॉर्ड दहादा, वीसदा लावून प्रत्येक ओळ कानाने उतरवतो. पुढची व्हायोलिनं सापडतात, ट्रंपेट सापडतो. पण त्या काळच्या मोनो ध्वनिमुद्रणात दुसरी व्हायोलिनं आणि व्हायोला गायकाच्या आवाजाखाली दबून जातात. तिथे उतरवणारा अंदाज बांधतो, आणि अंदाज संपला की स्वतःची ओळ लिहितो. अशा बसवलेल्या गाण्यांत मी कान लावून ती जागा शोधतो. बहुतेक वेळा ती सापडत नाही, इतकी बेमालूम भर असते. क्वचित सापडते, आणि एक-दोनदा तर मूळ गाण्यात तिथे जे असेल त्याहून ती बरी असावी असंही वाटून गेलं आहे.