बीट सेबर : एकही ठोकळा चुकला नाही, तरी गुण कमी का पडतात?

डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, दोन्ही हातांत कंट्रोलर आणि गाण्याच्या ठेक्यावर समोरून उडत येणारे लाल-निळे ठोकळे. सोशल मीडियावर 'बीट सेबर' या गेमचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. नवा खेळाडू कधीकधी एकही ठोकळा न चुकवता गाणं पूर्ण करतो. तरीही त्याचे गुण तरबेज खेळाडूपेक्षा बरेच कमी असतात. असं का होतं?

गेम नेमका काय आहे?

चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरातील बीट गेम्स या कंपनीने हा गेम मे २०१८ मध्ये आणला. पूर्ण आवृत्ती मे २०१९ मध्ये आली आणि त्याच वर्षी फेसबुकने, म्हणजे आताच्या मेटाने, ही कंपनी विकत घेतली. सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची जबाबदारी यारोस्लाव्ह बेक यांच्याकडे होती.

नियम सोपा आहे. डाव्या हातात लाल तलवार, उजव्या हातात निळी. ज्या रंगाचा ठोकळा, त्याच रंगाची तलवार आणि बाण दाखवेल त्याच दिशेने घाव.

गुण कसे मिळतात?

एका साध्या ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण असतात. त्याचे तीन भाग होतात :

• ठोकळ्याला लागण्याआधी तलवार १०० अंश फिरली, तर ७० गुण
• कापल्यानंतर ती आणखी ६० अंश पुढे गेली, तर ३० गुण
• घाव ठोकळ्याच्या बरोबर मधोमध बसला, तर १५ गुण

सलग अचूक घाव घातले की गुण दुप्पट, चौपट आणि शेवटी आठपट होतात. चूक झाली की ही पट निम्म्यावर येते.

या यादीत ठेक्याच्या अचूकतेला वेगळे गुणच नाहीत. जोर लावल्यानेही गुण वाढत नाहीत. नवा खेळाडू नुसतं मनगट झटकून ठोकळा कापतो. ठोकळा फुटतो, पण तलवार पुरेशी फिरलेली नसते आणि गुण तिथेच जातात.

मग तालाचं काय काम?

तालाचा उपयोग हाताला वेळ मिळवून देण्यासाठी होतो. मिनिटाला १२८ ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ०.४७ सेकंद मिळतात. तेवढ्यात एक फेरा पूर्ण करून पुढच्याची तयारी करायची असते. वरून खाली आलेला घाव जिथे संपतो, तिथूनच खालून वर जाणारा सुरू होतो. घाई केली की हा फेरा अर्धवट राहतो. ठेका धरला की हात आपोआप झोपाळ्यासारखा पूर्ण फिरतो.

सुधारणा कशी करायची?

कठीण पातळीची घाई नको. सराव मोडमध्ये गाण्याचा वेग कमी करता येतो, तिथे पूर्ण फेऱ्याची सवय करा. पकड सैल ठेवा आणि मनगटासोबत कोपरही वापरा. खांद्यातून जोर काढला, तर हात लवकर भरून येतात.

खेळण्याआधी कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकवा. छताचा पंखा, टीव्ही आणि लहान मुलं हाताच्या टप्प्याबाहेर आहेत ना, तेही पाहा. हेडसेट घातल्यावर यातलं काहीच दिसत नाही.